भिंतीआडचा खर्च: जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकताना हिशेब कुठे चुकतो

मोबाइलवर हल्ली एक व्हिडिओ सतत समोर येतो. पोपडे सुटलेल्या भिंती, गंजलेले नळ, फुटक्या फरशा, आणि अर्ध्या मिनिटात तेच घर चकाचक. शेवटी पडद्यावर दोन आकडे झळकतात: एवढ्याला घेतलं, एवढ्याला विकलं. दोन्ही आकडे खरेही असतील. पण या व्यवहारातला नफा-तोटा ठरतो तो मधल्या आकड्यांवर, आणि ते व्हिडिओत नसतात.

घर विकत घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि थोड्याच काळात विकून टाकायचं, याला फ्लिपिंग म्हणतात. राहायला घेतलेल्या घराची दुरुस्ती लांबली तर आपण कुरकुरतो आणि निभावून नेतो. फ्लिपिंगमध्ये तसं चालत नाही, कारण इथे प्रत्येक जादा खर्च आणि प्रत्येक जादा महिना थेट नफ्यातून जातो. दुरुस्तीचा अंदाज चुकतो हे सगळेच सांगतात. तो जवळजवळ नेहमी एकाच बाजूला, वरच्या बाजूला चुकतो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. सगळा हिशेब या एका गोष्टीभोवती मांडायला हवा असं मला ठामपणे वाटतं.

आधी साधी वजाबाकी

हिशेबाची सुरुवात शेवटाकडून होते. दुरुस्ती झाल्यावर हे घर कितीला जाईल? या आकड्याला धंद्यातले लोक ‘एआरव्ही’ म्हणतात. आपण ‘तयार किंमत’ म्हणू. ती काढायची ती आसपासच्या, तेवढ्याच आकाराच्या, तशाच अवस्थेतल्या आणि गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या घरांवरून. जाहिरातीतली किंमत इथे कामाची नाही. जाहिरातीत मालकाची अपेक्षा कळते, खरेदीखतात कोणी खरंच किती मोजले ते कळतं.

समजा तयार किंमत १०० आहे. घर ५० ला मिळतंय. नोंदणी, कर, वकील, तपासणी मिळून खरेदीचा खर्च ३. दुरुस्ती २०. काम आणि विक्री मिळून सहा महिने लागतील असं धरलं, तर तेवढ्या काळाचं कर्जाचं व्याज, मालमत्ता कर, विमा, वीज-पाणी हे सगळं ५. याला आपण ‘थांबण्याचा खर्च’ म्हणू. विकताना दलाली आणि इतर खर्च ७. एकूण झाले ८५. नफा १५.

अमेरिकेत या धंद्यात एक ठोकताळा वापरतात, त्याला ७० टक्क्यांचा नियम म्हणतात. तयार किंमतीचे ७० टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, आणि उरेल त्याच्यापेक्षा जास्त पैसे घरासाठी मोजायचे नाहीत. वरच्या उदाहरणात ७० उणे २० म्हणजे ५०. उरलेल्या ३० मध्ये खरेदीचा, विक्रीचा, थांबण्याचा खर्च आणि नफा बसवायचा. हा काही निसर्गाचा नियम नाही. जिथे व्याज चढं आहे किंवा सरकारी शुल्क जास्त आहे, तिथे ७० सुद्धा फार होतात. पण घराची किंमत मालकाच्या मागणीवरून न ठरवता मागून, उलट्या दिशेने काढायची, ही त्यातली शिस्त कुठेही लागू पडते.

१५ चा नफा कसा जातो

आता याच हिशेबाला तीन धक्के देऊन पाहू, तिन्ही अगदी मामुली. दुरुस्ती ४० टक्क्यांनी वाढली: २० चे २८. वेळ सहाऐवजी दहा महिने लागला: थांबण्याचा खर्च ५ वरून सव्वाआठच्या थोडा वर. आणि घर १०० ऐवजी ९५ ला गेलं. त्यामुळे विक्रीचा खर्चही किंचित कमी होऊन ६.६५. पुन्हा बेरीज करा: ५० अधिक ३ अधिक २८ अधिक ८.३ अधिक ६.६५. होतात जवळजवळ ९६. हातात आले ९५. पंधराचा नफा गेला आणि वर एकाचा तोटा झाला.

यातला एकही धक्का असाधारण नाही. शिवाय हे तीन धक्के एकमेकांपासून वेगळे नसतात. भिंतीत काही निघालं की दुरुस्ती वाढते, दुरुस्ती वाढली की वेळ वाढतो, वेळ वाढला की विक्रीचा चांगला हंगाम निघून जातो, आणि व्याजाच्या ओझ्याखाली माणूस कमी किंमतीला राजी होतो. कागदावर प्रत्येक धोका सुटा लिहिला जातो, प्रत्यक्षात एक आला की पाठोपाठ बाकीचे दोन येतात.

अंदाज वरच्याच बाजूला का चुकतो?

तासाभराच्या प्रवासाला निघालो, सगळं सुरळीत झालं, तर फार तर दहा मिनिटं वाचतात. बिघडलं तर तीन तास जातात. जुन्या घराच्या दुरुस्तीचं तसंच आहे. बंद भिंतीत काही नाही निघालं तर अंदाजाइतकाच खर्च येतो. निघालं तर वाढतो. भिंत फोडल्यावर आत नवीकोरी पाइपलाइन सापडून खर्च निम्मा झाला, असं क्वचितच घडतं.

दुसरं कारण आपल्या मनात आहे. १९७९ मध्ये डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी ते मांडलं. काम ठरवताना आपण डोळ्यांसमोर फक्त या कामाचा क्रम आणतो, असली कामं आधी कशी झाली याचा इतिहास आणत नाही. अमेरिकेत स्वयंपाकघर नव्याने करून घेणाऱ्या घरमालकांच्या २००२ मधल्या एका पाहणीत लोकांचा सरासरी अंदाज होता १८,६५८ डॉलर, आणि प्रत्यक्षात सरासरी खर्च झाला ३८,७६९ डॉलर. दुपटीहून जास्त. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध कधी पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. म्हणजे आपण ज्याला ‘वाईटात वाईट’ म्हणतो, तेही बऱ्याचदा आशावादीच असतं.

तिसरं कारण सगळ्यात कमी माहितीचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एका घरावर पाच जणांचा डोळा आहे. पाचही जण दुरुस्तीचा अंदाज काढतात: १८, २२, २५, २७, ३०. घरासाठी सगळ्यात जास्त पैसे कोण देऊ शकेल? ज्याने दुरुस्ती १८ धरली तो. म्हणजे घर नेमकं त्याच्याच पदरात पडतं, ज्याचा अंदाज सगळ्यात तोकडा आहे. तेलसाठ्यांच्या लिलावात कंपन्यांचं हे असंच होतं, असं १९७१ मध्ये तेल उद्योगातल्या तीन अभियंत्यांनी दाखवून दिलं होतं. त्याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. स्पर्धेत घर मिळालं की आनंदाच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: बाकीच्या चौघांना असं काय दिसलं, जे मला दिसलं नाही?

घर बघताना पाण्यापासून सुरुवात

नवखा माणूस घरात शिरला की त्याची नजर फरशी, रंग आणि किचनवर जाते. तो खर्च दिसतो, मोजता येतो, म्हणून तो धोक्याचा नाही. धोका आहे पाण्यात, मग ढाच्यात, मग वायरिंगमध्ये. बघायचंही याच क्रमाने.

घरात शिरल्यावर आधी वास घ्या. बंद घराचा वास आणि ओलीचा वास यात फरक असतो. मग बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू बघा, खोलीतून. तिथे रंगाचे फुगे, तपकिरी कडा असलेला डाग किंवा पांढरा लोणा दिसला तर पाणी भिंतीतून फिरतंय. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार उरतात, तोच हा लोणा. तो खरवडून वर रंग मारला तर काही महिन्यांत परत येतो. म्हणून सगळ्या जुन्या, मळक्या घरात एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली की थांबा आणि ती का रंगवली ते विचारा.

घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. आता सगळे नळ एकदम उघडा. एखादा नळ मलूल पडला तर पाइप आतून गंजून अरुंद झाले असण्याची शक्यता आहे. बाथरूमच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता. पाणी जाळीकडे न जाता साचलं, तर उतार चुकलाय. उतार नीट करायचा म्हणजे फरशी उखडायची, खालचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं, वर पुन्हा फरशी. बादलीभर पाण्याने कळलेली ही गोष्ट अंदाजपत्रकातली एक मोठी ओळ असते. फरशीवर नाण्याने टकटक करत फिरा. जिथे भरीव आवाज येतो तिथे ठीक, जिथे बद्द येतो तिथे फरशी खालून सुटलेली आहे.

भिंतीवरची प्रत्येक चीर भीतीची नसते. प्लास्टर आकसून पडलेल्या केसासारख्या रेषा बहुधा वरवरच्या असतात. विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढत जाणारी, एका टोकाला रुंद होत गेलेली चीर मात्र पाया हलल्याचं लक्षण असू शकते. ब्रिटनमध्ये इमारतींच्या तड्यांची एक वर्गवारी वापरतात. तिच्यात साधारण ५ मिलिमीटरपर्यंतची चीर मुख्यतः दिसण्याचा प्रश्न समजतात, आणि त्यापुढची घराच्या वापरावर परिणाम करणारी. रुंदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे चीर अजून वाढतेय का. जुन्या चिरेत लांबी (पुट्टी) भरूनही ती पुन्हा फुटलेली दिसली, तर उत्तर तुमच्या समोरच आहे. दारं-खिडक्या एका कोपऱ्यात घासतात का, तेही बघा.

काँक्रीटच्या घरात छताकडे आणि बाल्कनीच्या खालच्या बाजूला बघायचं. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं आणि खपल्या पडतात. सळईच्या रेषेत लांब चीर, तिच्या कडेला तांबूस ओघळ. अशा ठिकाणी वरून प्लास्टर करणं म्हणजे दुखणं झाकणं. सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळई घासायची, गरज असेल तर नवी जोडायची, विशेष मॉर्टर भरायचं. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय करू नये आणि त्याचा अंदाजही त्याच्याशिवाय काढू नये.

लाकूड असेल तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत सहज रुतलं तर वाळवी किंवा कुज. भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या ही वाळवीची वाट असते.

घराचं वय म्हणजे भिंतीआडच्या मालाची यादी

भिंत फोडता येत नाही, पण घर कुठल्या साली बांधलं हे कळलं की आत काय असेल याचा बराच अंदाज येतो. त्या त्या काळात त्या त्या देशात काय वापरत होते हे माहीत असतं. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली, म्हणून त्याआधीच्या घरात जुना रंग घासताना शिशाची धूळ उडेल असंच धरून चालावं लागतं. तिथेच १९६५ ते १९७३ या सुमाराच्या बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत, ज्यांचे सांधे सैल होऊन तापतात. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही घराच्या छतात किंवा पाइपांभोवती ते असू शकतं. धड अवस्थेतलं ॲस्बेस्टॉस हात लावला नाही तर सहसा तंतू सोडत नाही. कापलं, तोडलं की सोडतं, आणि ते तंतू फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी जीवघेणे आजार होतात. आणि दुरुस्ती म्हणजे तर कापणं, तोडणंच. इथे पैसे वाचवायचे नाहीत. तिथे काम करणारे मजूर त्याच हवेत दिवसभर श्वास घेतात, याचा विचार हिशेबाच्या आधी यायला हवा.

खर्च मोजायचा कसा?

‘अमुक क्षेत्रफळाचं घर, इतक्या दराने दुरुस्ती’ असा सरसकट अंदाज फक्त घर बघायला जायचं की नाही हे ठरवण्यापुरता ठीक. पैसे गुंतवायचे असतील तर खोली-खोली आणि काम-काम मोजावं लागतं.

एक खोली घेऊ: ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच. फरशी १२ चौरस मीटर. भिंती ४२ चौरस मीटर, दार-खिडकी वजा जाता ३८ च्या आसपास. फरशीचा माल १२ चा नाही, किमान १३ चौरस मीटरचा आणावा लागतो, कारण कापताना साधारण दहा टक्के वाया जातो. तिरकी बसवायची तर त्याहून जास्त. इथपर्यंत बहुतेक जण येतात. सुटतं ते पुढचं.

जुनी फरशी काढायची आहे. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून ५ सेंटीमीटर धरले, तर या एका खोलीतून ०.६ घनमीटर माल निघतो. वजन सव्वा टनाच्या आसपास. तोडल्यावर तो फुगतो, म्हणून पोत्यांत भरताना जवळजवळ दीडपट जागा लागते. तो राडारोडा कोण खाली नेणार, कोणत्या वेळेत नेता येणार, गाडी कुठे उभी राहणार, टाकणार कुठे आणि टाकायचे पैसे किती? लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर या एका प्रश्नाचा खर्च नव्या फरशीच्या मजुरीशी स्पर्धा करतो. चार खोल्यांच्या घरात हे पाच टन झाले. अंदाजपत्रकात ‘राडारोडा’ अशी वेगळी ओळ नसेल, तर ते अंदाजपत्रक अपुरं आहे.

वेळही असाच मोजायचा. सिमेंटचा नवा थर टाकला आणि वर लाकडी फ्लोअरिंग बसवायचं असेल, तर थर वाळेपर्यंत थांबावं लागतं. ब्रिटिश कारागिरांचा ठोकताळा असा: ५० मिलिमीटर जाडीपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस. ५० मिलिमीटरच्या थराला जवळजवळ सात आठवडे. घाई केली तर खालचा दमटपणा लाकडात शिरतो आणि फ्लोअरिंग फुगून उचकटतं, बहुधा नेमकं घर विकायला काढल्यावर. भिंत पाडणं किंवा हलवणं अशा कामांना परवानगी लागते. तिची वाट बघण्याच्या दिवसांतही व्याज चालूच असतं.

‘सगळ्यावर दहा-वीस टक्के राखीव धरले की झालं ना?’

काही न धरण्यापेक्षा बरं. पण सरसकट टक्केवारीत एक चूक आहे: ज्याचं माप हातात आहे अशा रंगकामाला आणि जे कोणी पाहिलेलंच नाही अशा ड्रेनेज लाइनला ती एकाच मापाने तोलते. राखीव रक्कम कामाच्या आकारावर ठरवण्यापेक्षा आपल्या अज्ञानावर ठरवावी.

मी कामांचे तीन ढीग करायला सांगेन. पहिला: पाहिलं आणि मोजलं. रंग, फरशी, दारं. यावर दहा टक्के. दुसरा: पाहिलं, पण उघडून बघितलं नाही. वायरिंगचा बोर्ड दिसतो, तारा दिसत नाहीत. यावर तीस टक्के. तिसरा: अजिबात दिसलं नाही, पण घराच्या वयावरून शंका आहे. इथे अंदाजाइतकीच रक्कम आणखी. आपल्या उदाहरणातले २० घेऊ. समजा पहिल्या ढिगात १०, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ४. राखीव रक्कम होते १ अधिक १.८ अधिक ४, म्हणजे ६.८. दुरुस्ती २० ची नाही, २६.८ ची. मग ७० टक्क्यांच्या नियमाने घरासाठी मोजायचे ते ५० नव्हे, ४३.२. हे टक्के माझ्या अंदाजाचे आहेत, ते बदला. ढीग मात्र वेगळेच ठेवा.

याचा एक फायदा लगेच दिसतो. तिसऱ्या ढिगातलं काम पहिल्या ढिगात आणण्यासाठी किती खर्च येईल, असा प्रश्न आता विचारता येतो. ड्रेनेजमध्ये कॅमेरा सोडून बघायचे पैसे त्या राखीव रकमेच्या मानाने किरकोळ असतात. इंजिनिअरची फीसुद्धा. तपासणीचा अहवाल हातात असला की मालकाशी किंमतीची घासाघीसही पुराव्याने करता येते.

‘ठेकेदाराकडून पक्का भाव घेतला तर धोका त्याचा, माझा नाही’

अर्धंच खरं. पक्का भाव असतो तो लिहिलेल्या कामाचा. भिंतीत जे निघेल ते ‘एक्स्ट्रा’. म्हणून लमसम आकड्यापेक्षा आयटमवार कोटेशन घ्यावं. प्रत्येक ओळीत माप, दर, मालाचा दर्जा, आणि एक्स्ट्रा काम निघालं तर त्याचा दर आधीच ठरवलेला. तीन कोटेशनमध्ये एक फारच कमी असेल तर आनंद मानायच्या आधी त्यात काय नाही ते शोधा. बहुधा राडारोडा, वॉटरप्रूफिंग किंवा विजेचं काम गाळलेलं असतं.

आणि बाजार उलटला तर पक्का भावही डळमळतो. २०२० च्या साथीआधी अमेरिकेच्या वायदेबाजारात बांधकामाचं लाकूड हजार बोर्ड-फुटांना (बोर्ड-फूट हे लाकूड मोजायचं माप) ४०० डॉलरच्या आसपास होतं. मे २०२१ मध्ये ते १,६०० च्या वर गेलं. जुन्या भावाने बांधला गेलेला ठेकेदार अशा वेळी काम रेंगाळवतो, हलका माल घालतो किंवा सोडून जातो. तो बुडाला तर करारातला पक्का आकडा घर पुरं करून देत नाही. म्हणून पैसे द्यायचे ते झालेल्या कामाच्या टप्प्यांवर, आणि शेवटचा हप्ता छोटा ठेवायचा नाही. शेवटची बारीकसारीक कामंच विक्रीत डोळ्यांत भरतात, आणि ठेकेदाराचं लक्ष तोवर पुढच्या साइटवर गेलेलं असतं.

‘मी बरंच काम स्वतः करेन’

रंग, घासकाम, सफाई ही कामं स्वतः केली तर मजुरी वाचते. पण व्यावसायिक रंगारी आठवड्यात जे करतो त्याला नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी सहा आठवडे लागले, तर पाच आठवड्यांचा थांबण्याचा खर्च वाढला. वाचलेल्या मजुरीतून तो वजा करा. काही वेळा उरतं, काही वेळा नाही. वायरिंग, गॅस आणि ढाच्याला हात लावायचा नाही. तिथे चूक झाली तर ती पुढे त्या घरात राहायला येणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतते.

‘घरांचे भाव वाढतातच, ते सगळं भरून काढतील’

ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा हजारो पटीने जास्त माहिती होती, त्यांनीही हेच धरलं होतं. झिलो ही अमेरिकेतली घरांच्या किंमतींची माहिती देणारी मोठी कंपनी. २०१८ मध्ये तिने स्वतः घरं विकत घेऊन, डागडुजी करून विकायला सुरुवात केली. किंमतीचा अंदाज संगणकाचा. २०२१ मध्ये खरेदीचा वेग प्रचंड वाढला. ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की दुरुस्तीला माणसं आणि माल मिळत नाही, कामं तुंबली आहेत, म्हणून वर्षअखेरपर्यंत नवी खरेदी बंद. २ नोव्हेंबरला हा विभागच गुंडाळायचं ठरलं. जी घरं विकायची होती त्यांचं मूल्य त्या एका तिमाहीत ३० कोटी डॉलरहून जास्त कमी दाखवावं लागलं, आणि सुमारे चौथाई कर्मचारी कमी करायचं जाहीर झालं. दुरुस्ती तुंबणं आणि किंमतीचा अंदाज चुकणं, दोन्ही एकाच वेळी आलं.

भाव वाढले तर चांगलंच. पण तो फायदा हिशेबात आधीच धरून जास्त किंमत मोजली, तर भाव नुसते स्थिर राहिले तरी तोटा होतो.

याला जोडूनच: जास्त खर्च केला की घराची किंमतही तेवढीच वाढते असं नाही. आजूबाजूची सगळी घरं १०० ला जात असतील, तर उंची संगमरवर आणि परदेशी नळ बसवून आपलं १३० ला जात नाही. १३० देणारा माणूस दुसऱ्या वस्तीत घर बघतो. फ्लिपिंगची दुरुस्ती आपल्या आवडीची नसावी, त्या वस्तीतल्या चांगल्या घराच्या पातळीची असावी.

काम अर्ध्यात अडकलं तर

सगळी काळजी घेऊनही हे होतं. अशा वेळी आतापर्यंत किती घातले हा आकडा मनातून बाजूला ठेवणं फार अवघड जातं, पण निर्णय फक्त पुढच्या पैशांवर घ्यायचा. समजा आजवर ७० गेले आहेत. पूर्ण करायला आणखी १२ लागतील, तीन महिने थांबण्याचा खर्च ३, आणि मग घर ९५ ला जाईल. आहे त्या अवस्थेत आज कोणी ७८ द्यायला तयार आहे. पूर्ण केल्याने किंमत १७ ने वाढते. त्यासाठी १२ अधिक ३ अधिक वाढीव दलाली सव्वा, म्हणजे सव्वासोळा खर्च. हाती राहतो एकाहून कमी, आणि तोही सगळं वेळेवर आणि अंदाजाप्रमाणे झालं तर. अशा वेळी ७८ ला विकावं आणि उरलेलं काम ज्याला परवडतं त्याला करू द्यावं. हाच ग्राहक ७८ ऐवजी ७० च देत असेल, तर मात्र वाढ २५ ची होते, खर्च पावणेसतराचा, आणि मग काम पुरं करण्यात अर्थ आहे.